शांताबाईंच्या तांब्याचा कोट

मीरानं धारावीहून आणलेलं कातडं स्वयंपाकघराच्या फरशीवर उलगडायला घेतलं, पण ते काही उलगडेना. एक टोक तिनं पायाखाली दाबलं, दुसरं हातानं सरळ करत नेलं. हात जरा ढिला पडला आणि ते सटकन उलटं वळून समोर बसलेल्या नलिनीच्या नडगीवर आपटलं.

"आई गो! मीरा, ह्यां कातडां आसा काय पत्रो?" नलिनी नडगी चोळत ओरडली. एरवी ती झकास मुंबईची मराठी बोलायची, पण रागावली किंवा लागलं की थेट मालवणात जायची.

"बाभळीच्या सालीत कमावलेलं आहे गं. असंच असतं ते. भिजवलं की मऊ होतं, क्लासच्या बाई म्हणाल्या."

"आणि नाही झालं तर?"

"तर दाराला ठोकू. चोर यायचा नाही."

दोघी सांताक्रूझच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होत्या. दिवसभर कानाला हेडफोन लावून लोकांचे ट्रंक कॉल जोडायच्या आणि त्यांच्या शिव्या खायच्या. आज दोघींची सुट्टी एकाच दिवशी आली होती, म्हणून नलिनी वाकोल्याला मीराच्या घरी मदतीला आली होती. मदत म्हणजे चहा पिणं आणि मधूनमधून घाबरवणं.

या सगळ्याची सुरुवात झाली होती अंधेरीच्या महिला मंडळात. तिथं शनिवारी दुपारी सुगंधाबाई चामड्याच्या वस्तू करायला शिकवायच्या. नलिनीनंच मीराला ओढत नेलं होतं. नलिनीनं स्वतः एक चिल्लर ठेवायचा बटवा शिवला, त्यात कातड्यापेक्षा बोटाला जास्त भोकं पाडून घेतली आणि वर्ग सोडला. मीरा मात्र रमली. बाकीच्या बायका मेंढीच्या पातळ कातड्यावर रंगीत नक्षी काढून पर्सा करायच्या. मीराला पर्स करायचीच नव्हती. बाईंच्या टेबलावर एक कातड्याचा वाडगा असायचा, कुठं शिवण नाही की जोड नाही, नुसतं ओलं कातडं दाबून घडवलेला. मीरानं तो पहिल्यांदा हातात घेतला तेव्हा तो खाली ठेववेना. जी वस्तू एकदा गाईच्या पाठीवर सपाट पसरलेली होती, ती बोटांनी सांगितलं म्हणून गोल झाली, आणि मग गोलच राहिली!

"बाई, मला हे शिकवा," ती म्हणाली होती.

"शिकवते. पण घाई चालत नाही याला," बाई म्हणाल्या होत्या. "आणि वाळवताना ऊन दाखवायचं नाही. सावलीत. सावकाश."

दिवाळीच्या आधी मंडळाचं प्रदर्शन होतं, येत्या रविवारी. त्यात मीराला आपलं भांडं मांडायचं होतं. अडचण एकच होती, आणि ती अडचण सध्या मुलुंडला गेली होती.

शांताबाई, मीराच्या सासूबाई, लेकीच्या, माणिकच्या घरी होत्या. तिच्या घराला रंग लावायचं काम चाललं होतं, आणि रंगाऱ्यांवर नजर ठेवायला आईइतकं भरवशाचं माणूस माणिकला दुसरं मिळालं नसतं. शांताबाई घरात असत्या तर या कातड्याला उंबरा ओलांडता आला नसता.

मीरानं वर्गाला जायला लागल्यावर घरी सांगितलं होतं, "हँडिक्राफ्ट." हा शब्द बरेच महिने पुरला. मग एका शनिवारी तिनं बाईंच्याकडचा एक तुकडा सरावासाठी घरी आणला आणि माळ्यावर ठेवला. शांताबाई भाजी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली.

"घरात कातडं आणलंय कुणी?"

"आई, ते क्लासचं..."

"वास मला सांगू नको. बाहेर ठेव."

आवाज चढला नव्हता, म्हणून तर मीरा जास्त घाबरली. तिच्या नवऱ्यानं, अंबादासनं, मग रात्री गच्चीवर तिला सांगितलं. तो विमानतळावर सामानाच्या खात्यात होता, बोलायचा कमी, पण हे त्यानं सविस्तर सांगितलं. आईचं माहेर कराडकडचं. गावात जनावर मेलं की ते ओढून न्यायचं काम आईच्या वडिलांकडे, आबांकडे. कुणी त्यांना विचारून दिलेलं नव्हतं, ते जन्माबरोबरच अंगावर आलं होतं. छप्पन साली धर्म बदलला आणि आबांनी सांगून टाकलं, आजपासून आमच्यातला एकही माणूस ढोराला हात लावणार नाही. गावानं कामं देणं बंद केलं. दुकानदारानं सामान बंद केलं.

"मी तेव्हा पोटात होतो," अंबादास म्हणाला. "आई बाळंतपणाला माहेरी आलेली. मीठसुद्धा मिळत नव्हतं. अळणी भाकरी खाल्ली तिनं. पण आबा परत त्या कामाला गेले नाहीत."

मीरा घाटकोपरला वाढलेली, वडील पोस्टात. तिला कातडं म्हणजे दुकानातला पट्टा, फार तर चपलेचा अंगठा. ऐकून तिला वाईट वाटलं. तो तुकडा तिनं परत केला. पण वर्ग काही सोडला नाही, आणि याचंही तिला वाईट वाटत राहिलं.

आता मात्र घर मोकळं होतं.

"पाणी कोमट झालं बघ," नलिनी म्हणाली. दोघींनी कातड्याचा गोल कापून घेतला आणि मोठ्या बादलीत बुडवला. बुडबुडे वर यायला लागले. बिस्किटासारखा रंग चहासारखा झाला. बराच वेळ दोघी बादलीत डोकावून बघत राहिल्या. बुडबुडे थांबल्यावर मीरानं हात घालून कडा दुमडून बघितली. कडा दुमडली. नुसती दुमडली नाही, पोळीच्या कणकेसारखी दुमडली.

"अगं, हे तर..." नलिनी बोलता बोलता थांबली, कारण डोक्यावरून विमान चाललं होतं. वाकोल्यात विमान जाईपर्यंत वाक्य तोंडात धरून ठेवायची सगळ्यांना सवय असते. विमान गेलं. "...माझ्या सासूपेक्षा लवकर वळलं!"

कातडं ओल्या टॉवेलात गुंडाळून ठेवलं. संध्याकाळी ते ना ओलं ना कोरडं अशा अवस्थेत आलं, गार आणि लवचिक. आता ते दाबून बसवायला आत काहीतरी गोल हवं होतं. स्टीलची पातेली सरळसोट निघाली. कढई फार पसरट. आणि मग मीराची नजर फळीवरच्या पितळी तांब्यावर गेली.

तो शांताबाईंचा तांब्या होता. मुंबईत आल्यावर पहिल्या पगारातून त्यांनी तो घेतला होता, आणि घरात कुणीही आलं, टपालवाला असो की गॅसवाला, त्याला पाणी त्याच तांब्यातून मिळायचं. पोट गोल गरगरीत, गळा नाजूक. वळण असं की कुंभारानं बघत बसावं.

"नको गो," नलिनी म्हणाली.

"एकच दिवस. वाळलं की काढून घासून ठेवते. त्यांना कळणारही नाही."

मीरानं तांब्या पालथा घातला, त्याच्यावर कातडं टाकलं आणि दोन्ही तळव्यांनी खाली ओढत बसवत नेलं. कातडं कुठं फुगायचं, कुठं सुरकुतायचं. ती पळीच्या पाठीनं घासायची, सुरकुती पुढं ढकलायची, परत घासायची. नलिनी तांब्या धरून बसली होती. हळूहळू सगळ्या सुरकुत्या गळ्याशी जमल्या. तिथं त्यांच्या नीट चुण्या घालून मीरानं सुतळी आवळून बांधली. मग बोथट खिळ्यानं आणि चमच्याच्या दांड्यानं तिनं पोटावर पिंपळाची पानं दाबून काढली, लांब टोकाची, एकात एक अडकलेली. हात जाईल तिथं पान उमटत होतं. नलिनी गप्प बसली होती, आणि नलिनी गप्प बसणं हीच एक पावती होती.

दुसऱ्या दिवशी मीराला दुपारची ड्युटी होती. सकाळी बघितलं तर कातडं अजून गारच. प्रदर्शन तोंडावर आलेलं. बाईंचं वाक्य तिला अगदी शब्दन् शब्द आठवत होतं, तरी तिनं तांब्या उचलून खिडकीत ठेवला. ऑक्टोबरचं ऊन. रात्री घरी आली तेव्हा कातडं खडखडीत वाळलं होतं, गुळासारखा रंग आला होता, आणि पानं अशी उठून दिसत होती की मीरानं चपला काढायच्या आधी त्याला तेलाचा हात फिरवला.

अंबादास जेवता जेवता भांड्याकडे बघत होता.

"छान झालंय," तो म्हणाला. आणखी दोन घास खाल्ले. "आता आतला तांब्या कसा काढणार?"

मीराचा हात वरणात तसाच राहिला.

पोट मोठं, गळा अरुंद. कातडं उन्हानं आकसून गळ्याशी असं घट्ट बसलं होतं की सुतळी काढली तरी चुण्या जागच्या हलल्या नाहीत. मीरानं ओढून बघितलं. अंबादासनं गुडघ्यात धरून ओढून बघितलं. तांब्यानं कोट घातला होता आणि तो आता काढणार नव्हता.

शनिवारी सकाळी मीरानं वाण्याकडून सुगंधाबाईंना फोन लावला. बाई आधी हसल्या, मग विचारलं, "ऊन दाखवलंस ना?"

"हो."

"मग आता एकच. परत भिजव, चुण्या उलगड, निघेल. पण घाट जाईल आणि पानंही फिकी होतील. नाहीतर राहू दे तसंच. उद्या मांड."

राहू द्यायचं, मीरानं ठरवलं. उद्या मांडायचं, संध्याकाळी भिजवायचं, सासूबाई बुधवारी येणार, तोवर तांब्या फळीवर चकचकीत. हिशेब अगदी चोख होता. घरी येऊन तिनं दार ढकललं, तर शांताबाई खुर्चीवर बसल्या होत्या. पायाशी पिशवी, हातात कातड्याचा कोट घातलेला तांब्या.

"रंगाच्या वासानं डोकं उठलं, म्हणून आले," त्या म्हणाल्या. "ह्यो माझा तांब्या न्हवं?"

खोटं बोलायला जागाच नव्हती. तांब्याची पितळी कड वरून दिसत होती.

"आई, चुकलं माझं," मीरा म्हणाली. "मी आत्ता भिजवते. निघेल तो."

तेवढ्यात दारातून नलिनी आत आली. तिला उद्याच्या प्रदर्शनाला कोणती साडी नेसायची ते विचारायचं होतं. समोरचं दृश्य बघून तिचा धीर सुटला, आणि धीर सुटला की तिचं तोंड आधी सुटायचं.

"मावशी, तुम्हीच सांगा ना, हे कसं सोडवायचं. तुमच्याकडे माहीत असेल ना..."

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते तिला कळलं. तिचा चेहरा उतरला. बाहेर विमान जात होतं. ते जाईपर्यंत तिघी तशाच.

"मला काय म्हाईत?" शांताबाई म्हणाल्या. "माझा बाप ढोर ओढायचा. फुडं त्याच्या कातड्याचं काय व्हायचं, ते बघाय मी कवा गेले न्हाई. तुला काय वाटलं, पोटातनं शिकून येतंय?"

"चुकलं, मावशी."

"बस. उभी नको ऱ्हाऊ."

मीरा बादली आणायला वळली. शांताबाईंनी तिला थांबवलं.

"हे कशाला केलंस तू? इकायला?"

"नाही."

"मग? पगार कमी पडतोय?"

"नाही हो आई." मीराला एकदम रडू येईल असं वाटलं, पण आलं नाही. "मला आवडतं. ओलं असताना ते हाताखाली ऐकतं. दिवसभर लोक कानात ओरडतात, आणि हे गप्प बसून ऐकतं. हौस म्हणून केलं. बाकी काही नाही."

"हौस," शांताबाई म्हणाल्या.

त्यांनी तांब्या फिरवून बघितला. बोटं पितळी कडेवरच ठेवली होती, कातड्याला लागू दिली नव्हती. पानांपाशी त्या थांबल्या.

"पिंपळ हाय ह्यो?"

"हो."

"देठ वाकडा आलाय."

"तिथं खिळा सटकला."

नलिनीनं खुर्चीच्या कडेला बसून पदराला पीळ घातला, सोडला, परत घातला.

"कवा हाय तुझं ते प्रदर्शन?"

"उद्या. पण मी नाही नेत आता. भिजवते."

"उद्याचा दिस ऱ्हाऊ दे. सोमवारी काढ." शांताबाई उठल्या आणि तांब्या फळीवर त्याच्या जागी ठेवून आल्या. "पर माझा तांब्या एकटा कुठं जाणार न्हाई. मी संगं येणार."

रविवारी त्या पांढरी साडी नेसून, निळ्या काठाची, मीराच्या आधी तयार होऊन बसल्या. रिक्षात तांब्या त्यांच्या मांडीवर होता, पण जुन्या टॉवेलात गुंडाळलेला.

मंडळाच्या हॉलमध्ये टेबलं मांडली होती. पर्सा, चष्म्याची घरं, एक कोल्हापुरीचा जोड. मीराचं भांडं कोपऱ्यात होतं. शांताबाईंनी एक खुर्ची ओढून घेतली आणि टेबलाशेजारी पहाऱ्यावर बसल्या. कुणी हात लावायला गेलं की सांगायच्या, "इकायचं न्हाई. आत माझा तांब्या हाय." लोक हसायचे, वाकून कड बघायचे, मग दुसऱ्यांना बोलावून आणायचे. दुपारपर्यंत त्या कोपऱ्यात सगळ्यात जास्त गर्दी झाली. सुगंधाबाई दोनदा येऊन बघून गेल्या आणि दुसऱ्यांदा नुसतं म्हणाल्या, "ऊन दाखवलंस, पण रंग झकास आलाय हो."

चारच्या सुमाराला एक बाई आल्या. खादीची सुंदर साडी, गळ्यात चांदीची माळ. त्यांनी भांडं सगळीकडून बघितलं. मग मीराकडे बघितलं, मग भांड्यापुढच्या नाव-आडनावाच्या चिठ्ठीकडे, मग शांताबाईंकडे.

"काय सुरेख काम आहे!" त्या मनापासून म्हणाल्या. "पिढीजात असणार तुमच्याकडे. त्याशिवाय हातात अशी कला येत नाही."

मीराचे कान तापले. तिनं शांताबाईंकडे बघायचं टाळलं.

"न्हाई हो बाई," शांताबाई शांतपणे म्हणाल्या. "आमच्यात हे कुणालाच येत न्हाई. माझी सून टेलिफोनात हाय. सरकारी. क्लास लावून शिकली ती. हौस हाय तिला."

शेवटचे तीन शब्द त्यांनी असे उच्चारले, जसा कुणी घरात आलेला पहिला फ्रिज दाखवावा.

"अच्छा, अच्छा," बाई जरा गडबडल्या.

"तुमच्यात पिढीजात काय हो?"

"आमच्यात? वकिली. वडील, आजोबा, सगळे वकील."

"मग तुमी बी वकील?"

"छे छे! मला त्यातलं काही कळत नाही. मी आपली गुलाब लावते गच्चीवर."

"म्हंजे तुमचं बी हिच्यासारखंच," शांताबाई म्हणाल्या.

बाईंना क्षणभर कळलं नाही, मग कळलं, आणि त्या मोकळेपणानं हसल्या. मीराशेजारची खुर्ची ओढून बसल्या. कातडं कसं भिजवायचं, किती भिजवायचं, सगळं विचारलं. मीरा सांगत होती आणि शांताबाई ऐकत होत्या. नलिनीनं तिघींना चहा आणून दिला.

रिक्षात परत येताना मीरा म्हणाली, "आई, वास येत होता ना दिवसभर?"

"येतच होता."

"मग?"

"मग काय? बसले की." थोडं अंतर गेल्यावर त्या परत बोलल्या. "आबांना कुणी इचारलं न्हवतं, तुला आवडतंय का म्हणून. तू आपल्या मनानं केलंस. एवढंच. पर ते बादलीत भिजवायचं, ती बादली येगळी घे. न्हाणीतली न्हाई घ्यायची."

"घेते."

"आन् माळ्यावर न्हाई ठेवायचं. गॅलरीत."

"बरं."

सोमवारी संध्याकाळी मीरानं नव्या बादलीत कोमट पाणी ओतलं आणि तांब्या कोटासकट बुडवला. बुडबुडे आले, थांबले. गळ्याच्या चुण्या तिनं चमच्याच्या दांड्यानं एकेक करून उलगडल्या. कातडं सैल झालं, पण पोटावरून सरकेना. अंबादास अजून कामावरून आला नव्हता.

"आई, जरा धरता?"

शांताबाई पदर खोचून समोर बसल्या. कातड्याला त्यांनी हात लावला नाही. तांब्याची पितळी कड मात्र दोन्ही हातांनी घट्ट धरली. मीरानं कातड्याची कड धरली.

"ओढ."

मीरानं ओढलं. शांताबाई पुढं आल्या.

"हळू गं! मला न्हाई, कातडं ओढ!"

परत ओढलं. या वेळी शांताबाईंनी मधल्या बादलीला पाय लावला. कातड्यातून पचकन आवाज आला, मग एकदम तांब्या सुटला आणि शांताबाई तांब्यासकट मागं गुंडाळून ठेवलेल्या गादीवर पडल्या. मीरा कातडं घेऊन दाराशी. दोघींच्या अंगावर बादलीतलं चहाच्या रंगाचं पाणी. आधी शांताबाईंना हसू फुटलं, आडव्या पडूनच, आणि मग मीराला थांबवता येईना.

कातड्याचा घाट गेला होता. पानं होती, पण फिकी. मीरानं ते दिव्यासमोर धरून बघितलं. दुसऱ्यांदा करावं लागणार होतं, आणि या वेळी गळ्याशिवाय. नलिनी म्हणतच होती, दुधी भोपळ्यावर कर, मग भोपळा आतून कापून काढ.

शांताबाई उठून बसल्या. तांब्याच्या पोटावर हिरवट काळसर डाग पडले होते. त्यांनी अंगठ्यानं एक घासून बघितला.

"बघत काय बसलीस? ते वाळत घाल सावलीत. आन् येताना डब्यातली चिंच आण."

"मी घासते, आई."

"तू तुझं बघ," शांताबाई म्हणाल्या आणि तांब्या मांडीवर घेऊन नळापाशी बसल्या.